न निंदलेली वाडी

केन्याला जमिनीखालीही फुलं येतात.

वरची फुलं सगळ्यांच्या ओळखीची. पावसाळ्यात बांधावर, विहिरीच्या कडेला, घरामागे कुठेही दोन मोठ्या निळ्या पाकळ्यांचं ते फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून ओलसर गोळा होऊन जातं. पण केना मुळासकट हळूच उचला आणि बादलीत खळबळून पाहा. बुडाशी पांढरट, बारीक फांद्या दिसतील. त्या उजेडाकडे यायच्या सोडून मातीत शिरलेल्या असतात आणि त्यांना फिकट पिशव्या लागलेल्या असतात. पिशवी नखाने उकलली की आत फूल. हे फूल जन्मात उमलत नाही. त्याच्यावर ना ऊन पडतं, ना माशी बसते. मिटल्या मिटल्या स्वतःच्याच परागावर ते फळतं आणि तिथेच मातीत बी ठेवून देतं. खालचं बी थोडं, पण वरच्यापेक्षा टपोरं. वरचं बी पाणी नेईल, गुरं नेतील तिकडे जातं. खालचं घर राखतं.

या झाडाला खुरपं काय करणार? वरून कापलं तर खाली बी तयार. उपटून बांधावर फेकलं तर पावसाच्या एका सरीत कांड्याकांड्याला मुळं फुटतात. लहानपणापासून केना उपटणाऱ्या बायका पाहिल्या. केना संपलेला कधी पाहिला नाही.

आमच्याकडे, साकोलीच्या बाजूला, घरामागच्या जागेला वाडी म्हणतात आणि तण काढण्याला निंदण. पाऊस लागला की बांधीत धानाचा रोवणा आणि घरी वाडीचं निंदण, या दोन कामांवरून बाईची पारख होते. ज्या घरची वाडी निंदलेली नाही त्या घरी कोणीतरी दुखण्यात आहे नाहीतर आळशी आहे, असं गाव धरून चालतं. आमच्या घरी पहिलं कारण आहे. दुसरंही थोडंफार असेल.

मला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एस-एस का ए-एस? ए-एस म्हणजे वाहक. आई किंवा बाप, एकाकडूनच तो गुण आलेला. अशा माणसाला सहसा काही त्रास नसतो. एस-एस म्हणजे दोघांकडून आलेला. मी एस-एस. फरक म्हटलं तर केवढासा! रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, १४६ दुव्यांची. तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे माझ्याकडे व्हॅलिन बसलं आहे. बाकी १४५ दुवे बिनचूक. पण हा एक दुवा बदलला की प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटायला लागतं आणि पेशीच्या आत त्याचे लांब ताठ धागे बनतात. मऊ, गोल तांबडी पेशी त्या धाग्यांनी विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळत नाही, आणि मग जी कळ उठते तिला आम्ही नुसतं 'क्रायसिस' म्हणतो. फुप्फुसात जाऊन प्राणवायू मिळाला की पेशी पुष्कळदा पुन्हा गोल होते. असं वारंवार झालं की ती कायमची वाकडी राहते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत संपते. ही तूट भरून काढता काढता हाडांतला मगज थकून जातो.

अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही घटतं, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि धागे बनायला वेळ लागत नाही. त्यात आमच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणं नीट जमत नाही. आता निंदण म्हणजे काय? उकिडवं बसून, पावसाच्या उघडिपीतल्या उमसत्या उन्हात, घाम गाळत करायचं काम. रक्त अडून अडून माझ्या उजव्या खुब्याच्या हाडाचा माथाही झिजलेला आहे. घाम, दमणूक आणि खुबा, तिघेही माझ्या विरोधात. आई होती तोवर वाडी निंदलेली असायची. नंतर ती वाढली.

मागच्या पडवीत माझी खुर्ची असते, शेजारी पाण्याचा गडवा. समोर कमरेइतका तरोटा, त्यात घुसलेला आघाडा, मध्येमध्ये कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, खाली केन्याची गादी. कुपाटीवर तोंडली चढलेली, तिच्यावर कडू दोडका, आणि बोरीच्या झाडावर गुळवेल. शेजारच्या काकी दर पावसाळ्यात एकदा तरी कुपाटीपलीकडून विचारतात, "वाडीचं का जंगल करून ठेवलंस वं पोरी? एखाद्या दिवशी जनावर निंगल." जनावर म्हणजे साप, पावसाळ्यात त्याचं नाव घ्यायचं नसतं.

आजाराला वरदान म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. क्रायसिसमध्ये वाडी दिसत नाही, समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. पण दोन क्रायसिसच्या मधले दिवस पुष्कळ असतात. त्या दिवसांत फार चालवत नाही, फार वाचवत नाही, डोळे मात्र जागे असतात. अशाच मधल्या दिवसांत एका आजारी माणसाने वेली कशा चढतात याचं कोडं बरंचसं सोडवलं होतं.

चार्ल्स डार्विन तिशीच्या आसपास आजारी पडले आणि १८८२ साली वारले तोवर धड बरे असे झालेच नाहीत. उलट्या, धडधड, थकवा. त्यांना नेमकं काय झालं होतं यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात. बिअरला कडवट चव देणारी हॉप नावाची वेल आहे. आजारपणात खोलीबाहेर पडता येईना तेव्हा डार्विननी तिची एक कुंडी खोलीतच ठेवून घेतली आणि तिचा शेंडा कधी कुठे वळतो हे रात्रंदिवस टिपत राहिले. शेंडा नुसता वर वाढत नाही. तो हवेत गोल फिरतो, आधार चाचपत. उन्हाळ्याच्या दिवसात हॉपच्या शेंड्याची एक फेरी सरासरी २ तास ८ मिनिटांची भरते, असं त्यांनी मोजून काढलं. वेलींच्या हालचालींवरचा त्यांचा मोठा निबंध १८६५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला. त्यात हा आजारी खोलीतला हॉप आहे.

दोन तास आठ मिनिटं. धडधाकट माणसाला ही गती दिसणं कठीणच. तेवढा वेळ तो एका जागी टिकत नाही. मी वालाच्या वेलीवर हा खेळ करते. पडवीच्या खांबाजवळ वालाचा शेंडा लोंबकळत असतो. तो ज्या बाजूला वळलेला असेल तिथे भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. मग चहा, औषधं, वेणी. परत येऊन बघावं तर शेंडा रेघेवरून निघून गेलेला. दुपारपर्यंत भिंतीवर रेघांचा अर्धवर्तुळाकार पंखा तयार होतो. वारा नाही, कोणी हात लावलेला नाही. शेंड्याखालच्या कांड्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त वाढते, ती जास्त वाढणारी बाजू गोल गोल सरकत राहते आणि त्याने शेंडा फिरतो. वेलीला स्नायू नाहीत. ती वाढूनच चालते.

तोंडलीची तऱ्हा वेगळी. ती अंगाने वेढे घालत नाही, तणावे फेकते. तणाव्याचं टोक काडीला लागलं की थोड्याच वेळात तिच्याभोवती वळतं. आता एक टोक वेलीला, दुसरं काडीला. यानंतर मधला भाग गुंडाळत जातो आणि वेल काडीकडे ओढली जाते. इथे एक अडचण आहे, आणि ती दोरीने समजते. दोन्ही टोकं बांधलेली दोरी मधूनच एका बाजूला पिळून बघा. ते जमत नाही, कारण टोक फिरू शकत नाही. तणाव्याने यावर उपाय काढला आहे. तो अर्धा उजवीकडे वळतो, अर्धा डावीकडे, आणि मध्ये छोटासा सरळ तुकडा ठेवतो. दोन्ही बाजूंचे पीळ एकमेकांना फेडून टाकतात. तोंडलीचा, दोडक्याचा, कारल्याचा कोणताही जुना तणावा बघा, मध्यावर ती उलटी जागा असतेच. कधीकधी अशा दोन-तीन जागाही असतात. डार्विननी ही गोष्ट नीट समजावून लिहिली आहे. वादळी वाऱ्यात एकदा ते मुद्दाम बाहेर पडून कुंपणावरची एक वेल बघायलाही गेले होते. तणाव्यांच्या स्प्रिंगा ताणल्या जात होत्या, परत येत होत्या, आणि वेल जागच्या जागी होती.

पुढची गंमत डार्विननाही ठाऊक नव्हती. ती २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्यात दाखवली. तणाव्याच्या आत ताठ तंतूंची एक पट्टी असते, दोन थरांची. एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो, म्हणून तणावा वळतो. ही पट्टी अशी बनलेली आहे की जून तणावा दोन्हीकडून धरून ओढला तर तो सुटण्याऐवजी सुरुवातीला आणखी वेढे घेतो. कुपाटीवरचा पिवळट पडलेला तणावा घेऊन हे बघण्यासारखं आहे. फार जोरात ओढायचं नाही. एक बोट हलेल एवढं ताणलं की वेढे वाढतात, आणि बराच ताण दिल्यावर मगच तो सरळ व्हायला लागतो.

गुळवेलीबद्दल थोडं बोललंच पाहिजे, नाहीतर वाचणारा प्रत्येक जण मनातल्या मनात मला काढा पाजेल. दुखणं जुनं असलं की सल्ले फुकट मिळतात, आणि दहांतले आठ गुळवेलीचे असतात. ही वेल खालून तोडली तरी मरत नाही. तुटलेल्या टोकाकडून बारीक दोरे खाली सोडते, ते लांबत लांबत माती गाठतात आणि वेल पुन्हा जिवंत. इतकी चिवट वस्तू औषधी असणारच, असं लोकांना वाटतं ते मी समजू शकते. पण २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते, आणि सिकलसेलमध्ये यकृतावर आधीच भार असतो. माझी गोळी हायड्रॉक्सियुरिया. ती लहान बाळाच्या वयातलं हिमोग्लोबिन अंगात पुन्हा वाढवते, आणि त्या हिमोग्लोबिनमुळे धागे बनायला अडथळा येतो. वाडीतलं मी काही गिळत नाही. तोंडली आणि तरोट्याची भाजी सोडून.

तरोटा म्हणजे आमच्या भागातलं बिनकिमतीचं झाड. पहिल्या पावसात कोवळी पानं भाजीला चालतात, नंतर त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो कमरेइतका झाला की त्याच्याकडे बघायची खरी वेळ होते. पानाच्या देठावर, खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, सुईच्या टोकाएवढी केशरट गाठ असते. जवळ डोळा नेला तर तिच्यावर एक चमकता थेंब दिसतो. तो मध आहे. फुलाचा नाही, पानाचा. मुंग्या त्याच्यासाठी देठादेठावर फिरत असतात आणि फिरता फिरता वाटेत आलेल्या अळ्या, अंडी हुसकतात किंवा उचलून नेतात. झाडाने राखणदार ठेवले आहेत आणि रोजचा पगार रोज दिला जातो.

राखणदार असूनही चोर येतातच. दुपारी पिवळी, लहान फुलपाखरं तरोट्यावर घुटमळतात, पोट वाकवून पानाला टेकवतात आणि उडतात. त्या जागी फिकट, उभट अंडं असतं. पुढे त्यातून अळी निघते, पानाच्याच हिरव्या रंगाची. ती मधल्या शिरेवर लांब होऊन बसली की तिच्यावर नजर ठेवलेली असूनही मला ती सापडत नाही.

रात्री तरोटा झोपतो. हे पहिल्यांदा कळलं तेही दुखण्यामुळेच. रात्रीचा गारवा हाडांना मानवत नाही. दुखणं साधारण पहाटेकडे वाढतं. अशा वेळी खिडकीतून विजेरी मारली तर वाडी ओळखू येत नाही. दिवसा पसरलेल्या पर्णिका जोडीजोडीने एकमेकींना चिकटून मिटलेल्या, सगळं झाड निम्मं झालेलं, आणि त्यातून पलीकडची कुपाटी आरपार दिसते. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडलं की त्याच्यामागे पाणीही जातं, ती बाजू सैल होते आणि दुसरी फुगते. पर्णिका मिटते. पहाटे हाच व्यवहार उलटा.

अंधार पडला म्हणून झाड मिटतं, असं कोणालाही वाटेल. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ नावाच्या खगोल अभ्यासकाने असंच रात्री पानं मिटणारं एक झाड दिवसरात्र अंधारात ठेवून पाहिलं. ते दिवसा उघडत राहिलं, रात्री मिटत राहिलं. सूर्य न बघताही झाडाला वेळ कळत होती. सजीवांच्या आत घड्याळ असतं या विचाराची सुरुवात अशा एका मिटणाऱ्या पानापासून झाली. माझं स्वतःचं घड्याळ दुखण्याने आणि गोळ्यांनी पार बिघडलेलं आहे. तरोटा मात्र भल्या पहाटे, मी जागीच असताना, पूर्वेकडे फटफटायच्या आधीच उघडायला लागतो.

गेल्या पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण आली. ही एकटी राहणारी गांधीलमाशी, कमरेला अगदी बारीक. नळाजवळच्या चिखलातून मातीची गोळी तोंडात धरून आणायची, चौकटीवर टेकवायची, पुढच्या पायांनी आणि जबड्याने तिची पातळ पट्टी ओढायची. पट्टीवर पट्टी चढत गेली आणि संध्याकाळच्या आत बाहेर वळलेल्या काठाचं गोल मडकं तयार झालं, चिंचोक्याहून थोडं मोठं. मग तिने तोंडातून पोट आत घातलं. आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण या माश्या मडक्याच्या छताला बारीक धाग्याने एकच अंडं टांगतात. त्यानंतर ती वाडीत गेली आणि हिरवी अळी घेऊन आली. अळी मेलेली नव्हती. नांगीने लुळी केलेली होती. ती आत कोंबली, परत गेली, आणखी आणली. भरल्यावर तोंड मातीने बंद केलं आणि त्या मडक्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. आतलं अंडं फुटेल, पिल्लू ताजं मांस खाईल, कोष करेल आणि भिंत फोडून बाहेर येईल. अंडं धाग्याने का टांगायचं? खाली अर्धवट हलणाऱ्या अळ्यांचा ढीग असतो, त्यांच्या वळवळीत ते चिरडायला नको म्हणून, असं कीटकांचे अभ्यासक सांगतात. वाडी निंदलेली असती तर तिला एवढ्या अळ्या मिळाल्या नसत्या, आणि मग मडकंही दुसऱ्याच्या खिडकीत गेलं असतं.

घरामागच्या जागेत असं किती असू शकतं, याचा धीराने हिशेब ठेवणारी एक बाई होऊन गेली. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ राहायच्या. घर साधं, बाग शहराकडेच्या कोणत्याही घराला असते तशी: फुलझाडं, भाजी, थोडं गवत. फवारणी नाही आणि टापटिपीचा अट्टहास नाही. १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं त्यांनी त्या एका बागेतला जीव न् जीव नोंदवला. दरम्यान त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस जडला, मज्जासंस्था हळूहळू निकामी करणारा आजार. नोंदी थांबल्या नाहीत. तीस वर्षांची बेरीज झाली २,६७३ प्रजाती, त्यांतले जवळजवळ दोन हजार नुसते कीटक. गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातले काही तर विज्ञानाला आधी माहीतच नव्हते. अभयारण्य नव्हे, घरामागची बाग! ब्रिटनसारख्या थंड देशात ही गत, तर कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलाच्या टापूत, तलावांच्या काठच्या एका वाडीत काय काय असेल, याचा आकडा धरायला मला जमत नाही.

बघून बरं वाटतं का, हा प्रश्न भेटायला येणारे विचारतात. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एक छोटा अभ्यास छापला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. या अभ्यासाचा जगभर फार बोलबाला झाला. मला तो आवडतो, पण त्यात माझ्यासाठी एक अडचण आहे: पित्ताशय काढलं की माणूस बरा होऊन घरी जातो. आमचं दुखणं घरीच राहतं. वाडीने कधी माझी क्रायसिस टळली, असं मी म्हणणार नाही. वाडी असली की दिवस लवकर जातो, आणि हे काही कमी नाही.

आता उरला प्रश्न असा की हा एस इथे आला तरी कसा. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं जगाला सांगितलं. भारतात त्या १९५२ साली निलगिरीत सापडल्या आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या रुग्णांची नोंद केली. एवढं त्रासदायक काही पिढ्यान् पिढ्या टिकतंच कसं? याचं उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून दिलं. ए-एस मुलांना जीवघेणा हिवताप फार कमी होतो. हिवतापाचा जंतू त्यांच्या पेशीत शिरला की ती पेशी वाकडी होते, शरीर तिला जंतूसकट बाजूला काढतं, आणि जंतूला वाढायलाही नीट जमत नाही. डास जिथे, एस तिथे.

आमचा भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि आता 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे तलाव, गावोगावच्या बोड्या, पाणी धरून ठेवणाऱ्या धानाच्या बांध्या, आणि भोवती झाडी. ज्या ओलीने इथे धान पिकवलं, सिंगाडा दिला, मासळी दिली, तिनेच डास पोसले. हिवतापाच्या साथींतून ए-एस मुलं जास्त वाचली, वाढली, त्यांची लग्नं झाली. दोन ए-एस एकत्र आले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एस-एसची. माझ्या आईबापांच्या घरात ती चौथी शक्यता मी. केना, तरोटा, कुंभारीण आणि माझ्या रक्तातला सहावा दुवा, सगळे एकाच पाण्यावर वाढलेले आहेत. ही गोष्ट कळल्यावर मी बराच काळ गप्प होते. दुखणं त्याने कमी झालं नाही, पण ते कुठूनतरी बाहेरून येऊन माझ्या डोक्यावर आदळलं आहे ही भावना गेली. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७ ही मुदत, असं तिचं लक्ष्य आहे. लग्नाआधी दोघांनी आपल्या रक्तात एस आहे का, हे माहीत करून घेणं, हा तिचा गाभा. चारातल्या त्या एका शक्यतेसाठी एवढी खटपट.

वाडी वाढू द्यायची म्हणजे काहीच करायचं नाही, असंही नाही. माझ्यासारख्या एस-एसला हिवताप झाला तर ए-एसला मिळतं ते संरक्षण उपयोगी पडत नाही, उलट जीवावर बेततं. म्हणून करवंटी, फुटका डबा, टायर, पाणी साचेल असं काही वाडीत ठेवायचं नाही. आमची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि जंतूंशी लढणारा एक मोठा पहारा जातो. साध्या काट्याची जखमही धुऊन, झाकून ठेवावी लागते. गाजरगवत दिसलं की काकींचा मुलगा हातमोजे घालून, फुलावर यायच्या आधी उपटतो. हे १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि मग देशभर पसरलं; त्याने अंगाला खाज, श्वासाला त्रास. त्याला खाणारा एक पांढुरका, काळ्या रेघांचा भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूरकडे सोडला होता. त्याचे वंशज आता पावसाळ्यात ठिकठिकाणी पानं चाळत बसलेले दिसतात. त्याला मी मुळीच हुसकत नाही.

आणि साप. काकींचं खरं आहे. मण्यार, नाग, घोणस, तिन्ही आमच्याकडे आहेत. म्हणून पडवीपासून बोरीपर्यंत हातभर रुंदीची वाट दर पंधरवड्याला विळ्याने साफ होते, तिच्यावरून काठी टेकत, पाय दिसतील असंच चालायचं, आणि अंधारात वाडीत पाय ठेवायचा नाही. वाट काढल्यापासून एक नवल झालं. दोन्ही बाजूंना तेच रान असूनही लोकांना ते मुद्दाम ठेवलेलं वाटायला लागलं. काकी त्यांच्या माहेरच्यांना दाखवायला घेऊन आल्या तेव्हा म्हणत होत्या, "बाग हाय म्हने तिची."

येत्या मृगासाठी माझं एक काम ठरलं आहे, तेही डार्विनकडूनच उचललेलं. १८५७ साली त्यांनी तीन फूट लांब, दोन फूट रुंद जागा खणून साफ केली आणि तिच्यात आपोआप उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपाची नोंद ठेवली. ३५७ रोपं उगवली. त्यांतली २९५ मेली, बहुतेक गोगलगायींच्या आणि किड्यांच्या तोंडी गेली. माजलेलं रान म्हणून आपण जे बघतो ते अशा कत्तलीतून उरलेलं असतं, हे त्या इवल्या तुकड्याने दाखवलं. खणणं मला जमणार नाही. ते काकी करून देणार आहेत. त्यांची अट अशी की त्यात तरोटा निघाला तर कोवळा असतानाच भाजीला त्यांचा. मी म्हटलं, मग मोजणीत तो 'काकींनी खाल्ला' या रकान्यात जाईल. रोपाजवळ रोवायला खराट्याच्या काड्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. फक्त डार्विनकडे गोगलगायी होत्या आणि आमच्याकडे काकींच्या दोन शेळ्या आहेत, त्यांचं काय करायचं यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.